सासऱ्यांच्या टेबलाची गोल कड

आमचा नातू उभा राहायला लागला आणि माझी साडेसाती सुरू झाली. माझ्या बायकोच्या, नोएलीनच्या वडिलांनी स्वतः बनवलेलं ब्लॅकवुड लाकडाचं टेबल नेमकं त्याच्या कपाळाच्या उंचीचं. "कडा तेवढ्या गोल कर," म्हणत नोएलीननं दोनशे डॉलर हातावर ठेवले. कडेपासून बोटभर आत वडिलांच्या तंबाखूच्या पाइपचा काळा डाग होता. चहा पिताना तिचा अंगठा हमखास त्या डागावर असायचा. त्याला धक्का लागता कामा नये, असं तिनं बजावलं.

लाकडाची कड गोल करायला राउटर नावाचं मशीन लागतं. आम्ही बर्नी गावातले म्हातारे दर मंगळवारी गावाच्या शेडमध्ये सुतारकाम करतो (म्हणजे चहा पितो). शेडचा प्रमुख क्लॅरी म्हणाला की एका हातात मावणारा छोटा राउटर घे, उरलेल्या पैशांत एक चांगलं पातं घे आणि टेबल इथंच आण. पण शेडचा नियम असा, की नवं मशीन आधी सगळ्यांदेखत टाकाऊ फळीवर चालवायचं, आणि चुकलं तर सगळ्यांना बिस्किटं चारायची. मी जन्मभर नगरपालिकेत कारकुनी केली. चारचौघांत चुकायची मला सवय नाही (एकट्यानं चुकायची आहे).

दुकानात तो छोटा राउटर मला खेळण्यासारखा वाटला. शेजारीच बरोबर दोनशे डॉलरला त्याच्या दुप्पट धूड होतं, वर बारा पाती फुकट. फुकट म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते.

शनिवारी नोएलीन बाहेर गेल्यावर मी ते धूड टेबलाच्या कडेवरून उजवीकडून डावीकडे चालवलं. (ते डावीकडून उजवीकडे न्यायचं असतं. टाकाऊ फळीवर हे कळलं असतं.) मशीन वॉलबी कांगारूसारखं उड्या मारत सुटलं आणि कडेला चार खड्डे पडले. ते घालवायला मी आणखी आत कापलं. मग ती बाजू दुसरीशी जुळेना, म्हणून दुसरीही कापली. तिसऱ्या फेरीत डागाचा भुसा झाला. मी तो भुसा बोटांनी चिवडत बसलो. मला रडू आलं.

नोएलीन घरी परतली. तिनं नुसता अंगठा त्या जागी नेला.

"कडा गोल झाल्या?"

"नाही."

"मग डाग कशाला घालवलास, डेस?"

मी उठून झाडू आणला.

मंगळवारी ती स्वतः टेबल आणि राउटर घेऊन शेडमध्ये आली. क्लॅरीनं एकदा दाखवलं, तिनं आधी टाकाऊ फळीवर मशीन चालवून पाहिलं आणि मग उरलेल्या टेबलाची कड लोण्यासारखी गोल केली. क्लॅरी म्हणाला, दोनशेत मशीन झकास मिळालंय. माझी छाती जरा फुगली.

"बघ, नीट पारखूनच घेतलं होतं," मी म्हणालो.

नोएलीन कडेवरचा भुसा पुसत होती.

"लग्नाआधी बाबाही मला सांगायचे, नीट पारखून घे म्हणून," ती म्हणाली. "पण ते मशीनबद्दल बोलत नव्हते."