पलंगाचे चार पाय

दोन महिन्यांच्या नादिरने सकाळपासून पाचव्यांदा दुधाची गुळणी टाकली, तेव्हा त्याच्या आजोबांनी बाळाकडे नाही, त्याच्या कठड्याच्या पलंगाकडे पाहिलं.

"उशाची बाजू उतरती आहे," मेतवल्ली मिस्त्री म्हणाले. "पोराचं डोकं खाली, मग दूध वर येणारच. कुणी बनवलाय हा?"

बनवला होता त्यांच्या जावयाने, बय्यूमीने, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दमियात शहरात घरटी एक सुतार. तिथे कुणाची अब्रू काढायची तर त्याने बनवलेल्या खुर्चीवर बसून नुसतं जरा हलायचं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासऱ्यांनी बय्यूमीच्या एकाही कामाला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि ते त्याला फार लागायचं.

त्याने पाणसळ आणून पलंगावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध.

"आता बोला, काका," तो सासऱ्यांना म्हणाला.

"मी काय बोलू? पोराचं पोट बोलतंय की."

बय्यूमीने उशाकडे ठोकळे लावले. मिस्त्रींच्या मुलीने, निहालने, बाळाला पाजलं आणि नवऱ्याने ते लगेच पलंगावर ठेवून पाहिलं. नादिर घसरत पायथ्याशी गेला, तिथे गोळा झाला आणि गुळणी टाकून मोकळा झाला.

"उतार जास्त झाला," मिस्त्री म्हणाले.

ठोकळे काढले, पायथ्याकडचे पाय बोटभर कापले. पाजलं, ठेवलं, गुळणी. मग उशाकडचे दोन बोटं. पाजलं, ठेवलं, गुळणी. आता दोघांनाही छंदच लागला. बय्यूमी भिंतीवर पेन्सिलीने टिपून ठेवू लागला: उतार किती, वेळ कोणती, गुळणी कुठवर गेली. गुरुवारपर्यंत पलंग जेमतेम वीतभर उंच उरला.

"करवत ठेवा खाली," निहाल म्हणाली. "पलंगाला पाय उरले नाहीत आणि मला कोरडा कपडा. चला दोघंही, दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी नादिरला तोललं. "वजन छान वाढतंय. दूध नको म्हणतो? पिताना कळवळून रडतो? गुळणीत हिरवं, रक्त?"

"नाही."

"मग घाबरू नका. पोटाच्या तोंडाची झडप अजून सैल आहे. वर्षाचा होईपर्यंत बहुतेक घट्ट होईल."

बय्यूमीला एकदम उलगडा झाला. "म्हणजे लाकूड ओलं आहे, म्हणून दार नीट लागत नाही."

"तसं समजा."

"मग पलंगाला उतार किती देऊ?"

"अजिबात नाही. झोपवायचं सपाट, पाठीवर. थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, अर्धा तास खांद्याशी उभं धरा. पाजल्या पाजल्या याला आडवं कोण करतं?"

निहालने दोन्ही सुतारांकडे पाहिलं. दोन्ही सुतारांनी छताकडे.

शुक्रवारी दुपारी मिस्त्रींनी नातवाला अर्धा तास खांद्याशी धरलं. खांदा कोरडा राहिला. तो चाचपत ते म्हणाले, "पलंग चांगला होता तुझा."

बय्यूमीला भरून आलं. कठडे काढलेल्या त्या पलंगावर तळलेली मासळी आणि भात मांडला होता. जमिनीवर बसून जेवायला ती उंची अगदी बेताची झाली होती.

मिस्त्री तीनदा भात घेऊन तिथेच जमिनीवर लवंडले आणि लगेच छाती चोळत उठले. आंबट ढेकर आली होती.

"बाबा, आडवं व्हायचं नाही," निहाल म्हणाली. "अर्धा तास ताठ."

बय्यूमीने पाणसळ आणली आणि सासऱ्यांच्या पाठीला उभी लावून बुडबुडा पाहिला.

"काका," तो म्हणाला, "उतरते आहात जरा."