व्हॉल्व्ह तापेपर्यंत

मोटार हे मुख्यतः उभं राहण्यासाठी बनवलेलं वाहन आहे, हे सत्य फार थोड्यांना उमगतं. बाबांना ते उमगलं होतं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. गाडीत गाणं ऐकायचं तर आवाज शुद्ध हवा. चालत्या गाडीत इंजिन घुरघुरतं, रस्ता खडखडतो. सबब गाडी चालवू नये. गेल्या वर्षी आमची गाडी एकूण अकरा किलोमीटर धावली (तीही बॅटरी चार्ज करून आणायला, गाणी ऐकून ती उतरली होती).

त्या शेवटच्या रविवारीही ती फाटकाच्या आत नेहमीच्या जागी उभी होती. स्टिअरिंगमागे इस्त्रीच्या शर्टात बाबा, शेजारी डोळ्यांवर रुमाल बांधून मी, मागच्या सीटवर ट्रान्झिस्टरकाका. काका म्हणजे बाबांचे पस्तीस वर्षांचे मित्र. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात आणि बाबांचं कुठलंही मत ऐकून घेण्याआधीच खोडून काढतात.

आम्हा तिघांच्या समितीपुढचा विषय गंभीर होता. गाण्याचा आवाज मोठा करणारी पेटी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, दोन जातींची असते. जुनी काचेच्या व्हॉल्व्हची. ती आधी तापते, तांबूस उजळते, मग बोलते. नवी ट्रान्झिस्टरची, बटण दाबलं की बोलते. व्हॉल्व्हच्या आवाजात ऊब असते, असं बाबांचं म्हणणं. ऊब हवी असेल तर स्वेटर घाला, असं काकांचं. डिकीत दोन्ही पेट्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या आणि बाबांच्या हाताशी, मागून दिसणार नाही असा, एक खटका होता, इकडे केला की ही, तिकडे केला की ती; कोणती वाजतेय ते नुसतं ऐकून ओळखायचं. डिकीची किल्ली बाबांच्याच खिशात असे (निःपक्षपातीपणासाठी).

नियम क्रमांक चार असा होता : व्हॉल्व्ह तापायला चाळीस सेकंद लागतात, तोवर समान न्यायाने दोन्ही पेट्या गप्प राहतील. या नियमाच्या निषेधार्थ काका ते चाळीस सेकंद गाडीबाहेर उभे राहत, पाठ फिरवून. गाडीत बाबा आणि मी.

"बरी आहेस ना गं?" बाबा समोरच्या काचेकडे बघत विचारत.

"हो."

मग मी रुमाल बांधे, गाणं लागे आणि काका दार आपटून आत येत. हा संवाद इतिवृत्तात नाही.

सात वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून मी दोन बॅगा घेऊन इकडे आले, तेव्हा का आलीस असं कोणी विचारलं नाही. आईने कपाटातला एक कप्पा रिकामा केला. बाबांनी मला समितीवर 'स्वतंत्र श्रोता' म्हणून घेतलं. माझी पात्रता एवढीच, की मला दोन्ही पेट्या सारख्याच ऐकू येत.

इतिवृत्तानुसार तेव्हापासून ३१२ बैठका झाल्या. बाबांनी व्हॉल्व्ह ३१२ वेळा अचूक ओळखला (खटका तेच दाबत). काकांनी १५७ वेळा. नाणं उडवून हाच निकाल कमी श्रमात मिळाला असता. आई एकदाच आली. तिचा अभिप्राय जसाच्या तसा नोंदवलेला आहे : "काचा खाली करा, उकडतंय." माझ्या नावापुढे प्रत्येक वेळी 'सांगता येत नाही'.

"आज तरी सांग की," त्या रविवारी बाबा म्हणाले. "कोणता?"

"खरंच नाही सांगता येत, बाबा."

"पोरीला कान नाहीत," मागून काका म्हणाले.

"तुला होते कधी? मिक्सर ऐकून ऐकून गेलेत ते."

"मिक्सर निदान काहीतरी वाटतो. तुझा व्हॉल्व्ह नुसताच तापतो."

निर्णय पुढच्या रविवारवर ढकलण्यात आला. सोमवारी सकाळी दाढी करता करता बाबा गेले.

महिन्याने काका आपली ट्रान्झिस्टरची पेटी न्यायला आले. समिती बरखास्त झाली होती. किल्ली मी दिली. डिकी उघडून त्यांनी तारा चाचपल्या, मग व्हॉल्व्हच्या पेटीचं झाकण काढलं.

"इकडे ये," ते म्हणाले.

व्हॉल्व्हच्या पेटीत व्हॉल्व्ह नव्हते. त्यांच्या जागी टॉर्चचे दोन छोटे बल्ब होते, पुढून उजळलेले दिसावेत म्हणून. खटका इकडे करा नाहीतर तिकडे, तारा काकांच्याच पेटीला जात होत्या.

"म्हणजे सात वर्षं मी माझ्याच पेटीकडून हरत होतो?" काका म्हणाले. नेहमीप्रमाणे मत खोडायला त्यांनी तोंड उघडलं, पण समोर खोडायला कोणी नव्हतं.

मग त्यांनी बोटाने दाखवलं. तारेच्या मध्ये एक टायमर होता, बटण दाबल्यावर आवाज अडवून धरणारा. त्यावर चिकटपट्टी आणि बाबांचं अक्षर : '४० से.' खाली तारीख. मी दोन बॅगा घेऊन आले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारची.

तज्ज्ञांच्या माहितीसाठी समितीचा निष्कर्ष नोंदवते. दोन्हींच्या आवाजात फरक नाही. फरक आवाजाच्या आधी आहे. तुमच्या गाडीत बटण दाबताच गाणं लागत असेल. तुमचं मनापासून अभिनंदन. मधल्या वेळात कोणी काही विचारेल आणि खरं उत्तर द्यावं लागेल, हा धोका तुम्ही कायमचा टाळलात.

काकांनी पेटी नेली नाही. डिकी बंद करून ते बाजूला जाऊन उभे राहिले, पाठ फिरवून. निषेध कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी माझ्याच सीटवर बसले, हात लांब करून बटण दाबलं आणि समोरच्या काचेकडे बघत राहिले. पहिले तीस सेकंद नेहमीप्रमाणे वाया घालवले.

"नाही, बाबा," मग मी मोठ्याने म्हणाले. "बरी नाहीये मी. आले तेव्हाही नव्हते."