कप्तानाचा एकपायी पायजमा

कॅप्टन मोहरकर समोरच्याला चहाचा ग्लास द्यायचे, पण सोडायचे नाहीत.

म्हणजे असं की ग्लास तुमच्या हातात आलेला असायचा, बोटं भाजत असायची, आणि त्यांचीही बोटं त्याच ग्लासाला घट्ट धरून. तोंडानं म्हणायचे, "मास्तर, तुमच्या हाती." तुम्ही "माझ्या हाती" असं स्पष्ट, ऐकू येईल असं म्हणेपर्यंत पकड ढिली होत नसे. नुसती मान हलवलेली चालायची नाही. "हो हो" तर बिलकुल नाही. आमच्या टपरीवर एकदा एक लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर असा अडकला. दोघंही ओढतात, चहा दोघांच्या मनगटावर. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ओ साहेब, चाय पाजून राह्यले का रस्सीखेच खेळून राह्यले?"

"उत्तर आलं नाही," कप्तान शांतपणे म्हणाले. "म्हणून पुन्हा विचारतो. तुमच्या हाती."

नियम असा होता की उत्तर आलं नाही तर तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदाही आलं नाही तर समोरचा माणूस शुद्धीवर नाही असं समजायचं. ड्रायव्हर दुसऱ्या वेळेस शुद्धीवर आला.

कप्तान आयुष्यभर प्रवासी विमानं चालवून निवृत्त झालेले. विमानात दोघं वैमानिक असतात, आणि एकानं दुसऱ्याकडं विमान सोपवताना हे असं बोलून घ्यावं लागतं. तिथं ते इंग्रजीत चालायचं, इथं त्यांनी मराठी केलं. गावात कोणाच्या लग्नात आहेराचं पाकीट देतानाही तेच. नवरदेव पाकीट ओढतोय, फोटोवाला "साहेब, इकडं पाहा" म्हणतोय, मागं पंगतीची घाई. एका लग्नात नवरीनंच पटकन "माझ्या हाती!" म्हणून पाकीट घेतलं. कप्तान खूश. "हा संसार नीट चालेल," म्हणाले. चालूनही राह्यला आहे.

आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडं, सागाच्या जंगलाला लागून. विमान आमच्यावरून जातं ते मुंगीएवढं, आवाजही उशिरा येतो. असा माणूस इथं कशाला आला, हे कोणालाच कळेना. त्यांचे वडील जंगलखात्यात होते, लहानपण इथल्या क्वार्टरात गेलं, हे खरं. पण लहानपण जिथं गेलं तिथं कोणी म्हातारपणी परत येत नाही. ते आले. बायको वारलेली, मुलगी बंगलोरला. गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं आणि स्लॅबवर एक लोखंडी पाइप उभा केला.

त्या पाइपासाठी शाळेची शिडी मागायला आले, तेव्हा आमची ओळख झाली. मी विज्ञान शिकवतो. मी बी.एस्सी. आहे. हे मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगून ठेवतो. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझा बा मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडायचा, तेव्हा मी चंद्रपूरला राहून शिकलो. त्यामुळं कोणी मोठा माणूस समोर आला की माझी मान आपोआप ताठ होते. मी शिडी उचलून म्हटलं, "घ्या." कप्तान शिडीचं एक टोक धरून उभे.

"मास्तर, शिडी कोणाच्या हाती?"

"तुमच्या."

"मग मी म्हणायला पाहिजे ना? तुम्ही विचारा."

मी विचारलं. ते म्हणाले, "माझ्या हाती." आणि शिडी घेऊन गेले. मला वाटलं, हा माणूस पिसाट आहे. संध्याकाळी त्यांच्याकडं चहाला होतो.

पाइपाला त्यांनी एक कापडी नळकांडं बांधलं. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद, वाऱ्यानं फुगणारं. विमानतळावर असतं म्हणे, वारा कुठून येतो ते पाहायला. आमच्या गावानं त्याला पहिल्याच दिवशी नाव दिलं: कप्तानाचा पायजमा. पोरं खालून ओरडायची, "कप्तानभाऊ, दुसरा पाय कुठी हाय?"

"धुवायले टाकला हाय!" कप्तान वरून सांगायचे. रोज तोच सवाल, रोज तोच जवाब, दोन्हीकडं तोच आनंद.

हसता हसता गाव त्या पायजम्याच्या भरवशावर आलं. धान उडवायच्या दिवसांत बाया सूप भरायच्या आधी मान वर करायच्या. वारा पडला की दुपारी आडव्या व्हायच्या; पायजमा हलला की कोणीतरी हाक मारायचं, "उठा वं, फुगला!" कप्तान स्लॅबवर खुर्ची टाकून खळ्यांवरची धूळ बघत बसायचे. "मीही जन्मभर उडवतच होतो, मास्तर. यांच्याइतकं स्वच्छ नाही."

उन्हानं कापड वर्षभरात विरायचं. फाल्गुनात ते नवीन शिवत, स्वतः, हातमशिनीवर. कापड रंगीत, पक्कं. मी एकदा विचारलं, एवढं चांगलं कापड कुठून आणता? "जुना माल आहे," एवढंच म्हणाले.

दुसरी एक सवय सांगायला हवी, कारण तिथंच आमचं बिनसलं. चूक दिसली की ते जागच्या जागी बोलायचे. कोणाचीही, कोणासमोरही. आणि स्वतःची कोणी दाखवली तर टोपीला हात लावून "आभारी" म्हणायचे. एकदा वनरक्षकासमोर त्यांनी ऐनाच्या झाडाला बिजा म्हटलं. मी म्हटलं, "कप्तानभाऊ, हा ऐन आहे. साल पाहा." "आभारी," टोपीला हात. संध्याकाळी मला म्हणाले, "चूक पाहून गप बसणारा सोबती मला नको होता कधी. तुम्ही बोललात. बरं वाटलं."

असाच एका फाल्गुनात ते शिवत होते, मी कापड धरून होतो. मी म्हटलं, हे हाती-हातीचं जरा जास्त होतं, भाऊ. लोक हसतात.

मशिनीचं चाक थांबलं.

"दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं धरलंय. आणि तेवढा वेळ विमान कोणाच्याच हातात नसतं. विमानात मी हे एकदाही विसरलो नाही, मास्तर. घरी विसरलो." बायकोची कसली तरी तपासणी झाली होती. रिपोर्ट आणायचा होता. त्यांना वाटलं मुलगी आणेल, मुलीला वाटलं बाबा आणतील, आणि बायको म्हणत राहिली, काही असतं तर दवाखान्यानंच फोन केला असता. "तीन महिने तो कागद दवाखान्याच्या खणात पडून होता." मग चाक पुन्हा फिरवलं. "कापड ताणून धरा. तुमच्या हाती."

"माझ्या हाती," मी म्हटलं. त्यानंतर मी कधी हसलो नाही.

त्याच साली शाळेत विज्ञान मेळावा झाला. माझं व्याख्यान होतं: विमान कसं उडतं. पहिल्यांदाच माझा बा मला स्टेजवर बघायला आला. पांढरा सदरा, इस्त्री केलेला, पहिल्या रांगेत. शेजारी कप्तान. मी रंगात आलो आणि म्हणालो, "मुलांनो, वारा पाठीमागून आला की विमान लवकर उडतं. सायकलीला नाही का मदत होत?"

पहिल्या रांगेतून हात वर. "चूक, मास्तर. उलटं आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. म्हणून तर पायजमा लागतो."

पोरं हसली. हेडमास्तर हसले. मला बाचा चेहरा दिसेना, कारण मी तिकडं पाहिलंच नाही. चूक माझीच होती, बी.एस्सी.ला शोभणारी नव्हती. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की सगळा जन्म खर्चून मी ज्या पाटावर चढलो, तिथून या माणसानं माझ्या बापासमोर मला खाली ओढलं. मी "आभारी" म्हटलं नाही. टपरीवर जाणं बंद केलं. ते फाटकाशी आले की मी तास घ्यायला जायचो, तास नसला तरी.

दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं. मुलगी गाडी घेऊन न्यायला आली. निघताना कप्तान शाळेत आले. काठी टेकत, टोपी घालून. मी व्हरांड्यात वह्या तपासत होतो.

"मास्तर, मी जातोय. फाल्गुनात नवा लागेल. सामान घरी आहे. पायजमा तुमच्या हाती."

मी लाल पेनानं एक बरोबर उत्तर चूक केलं.

"मास्तर, तुमच्या हाती."

घंटा झाली. मी वह्या उचलून वर्गात गेलो. खिडकीतून दिसलं, ते तसेच उभे होते, तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडून. मग गाडीचा हॉर्न वाजला.

त्या रात्री जेवताना बा बोलला. तो फार बोलत नाही. "मले जल्मभर लोकायनं हाकललं. शिव्या देल्या. पण 'तू इथी चुकला, असं कर' म्हणून बराबरीच्या माणसावानी कोणी नाई सांगतलं. तुले सांगतलं. अन् तू रुसून बसला. काऊन रे?"

मी पोळीचा तुकडा मोडत राह्यलो. फोन मात्र केला नाही. रेंज नाही, असं मी स्वतःलाच सांगायचो. शाळेमागच्या टेकाडावर पूर्ण रेंज असते.

फाल्गुन गेला. उन्हाळ्यात पायजम्याच्या चिंध्या झाल्या, पावसात त्याही गेल्या. धान उडवायच्या वेळी बायांनी वर पाहिलं आणि मग पदराचं टोक हातात धरून वारा बघितला, पूर्वीसारखा. घर झाडणाऱ्या काशीबाईला मी विचारलं, "बाई, तुम्ही कोणाला सांगून ते बदलून का नाही घेतलं?"

"मले वाटलं तुमी पाहून राह्यले," ती म्हणाली. "तुमचा दोस्त होता."

आणि मला वाटलं होतं, ती बघेल.

कप्तान वारल्याचं आम्हाला उशिरा कळलं. मुलगी घर बंद करायला आली तेव्हा. तिनं मला बोलावलं. खोलीच्या मधोमध एक पत्र्याची ट्रंक. झाकण उघडलं. आत साड्या, म्हणजे साड्या होत्या कधीतरी. आता त्यांचे बेतलेले, खडूनं खुणा केलेले तुकडे. दर पायजम्याचे तुकडे वेगळे बांधलेले. पुढच्या कितीतरी फाल्गुनांची बेगमी. एकाला जांभळा काठ होता. मागल्या कुठल्याशा वर्षी मी तो काठ ताणून धरला होता.

"आईच्या," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं नव्हतं? आमचं घर धावपट्टीजवळ होतं. बाबांचं विमान निघालं की आई गच्चीत उभी राहून पदर हलवायची. घरी आले की बाबा सांगायचे, दिसला. वरून काय दिसणार? पण ती दर वेळी विचारायची, आज कोणत्या रंगाचा होता? आणि ते बरोबर सांगायचे. निघताना बघून ठेवायचे ना."

मी जांभळ्या काठाची घडी नीट केली.

"बाबांनी शेवटी एक गोष्ट सांगून ठेवली होती. म्हणाले, मास्तर रागावलेत, पण नाही म्हणालेले नाहीत. दोनदाच विचारून झालंय."

तिनं ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी माझ्या हातात दिली. आणि तिनं सोडली नाही.

"मास्तर, तुमच्या हाती."

पंचवीस वर्षं मी पोरांना मोठ्यानं बोलायला शिकवतो आहे. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ती थांबून राहिली; बापाचीच लेक. मी पुन्हा म्हटलं, "माझ्या हाती." तेव्हा तिनं कडी सोडली.

शिडी शाळेचीच. पायजमा मीच शिवला, शिवण वाकडी आली. पाइपाला बांधताना बा खालून ओरडला, "उजवीकडं ढिलं हाय!" मी टोपी घालत नाही, तरी कपाळाला हात लावून "आभारी" म्हटलं आणि घट्ट केलं. जांभळा काठ फुगला. शाळा सुटली होती.

"मास्तर," खालून एक पोरगी ओरडली, "दुसरा पाय कुठी हाय?"

मी पाइप धरून उभा होतो. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी म्हटलं, "धुवायले टाकला हाय."