खिशात कांदा, तोंडावर दुपट्टा

"हलू नको म्हटलं नं! मान सरळ ठेव!"

शोभाताई ओट्यावर बसून आपल्या भाच्याचं, किसनाचं, गाठोडं बांधत होत्या. ओला पांढरा दुपट्टा डोक्यावरून कानांवर, कानांवरून नाकातोंडावर, आणि उरलेला थेट कमरेपर्यंत. दिसायला राहिले फक्त दोन डोळे. त्यांचा स्वतःचा शालिक शेजारी आधीच बांधून तयार होता. दोघं एकाच वयाचे, एकाच उंचीचे, खाली दोघांना खाकी चड्ड्या. शोभाताईंनी दोघांच्या खिशात एकेक कांदा कोंबला. खिशात कांदा असला की लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापला वारा, लागत नाही, हे नागपुरात पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं.

"घरी येईस्तोवर तोंड उघडायचं नाही. उघडलं की लू आत घुसते. समजलं?"

दोन्ही गाठोड्यांनी माना हलवल्या.

महाराजबागेतला वाघ पाहायचा हट्ट पोरांचा, आणि मे महिन्यात सायकल हाणायची शिक्षा शोभाताईंच्या नवऱ्याला, देवरावांना! बरं, जोखीम काय साधीसुधी? किसना म्हणजे शोभाताईंच्या थोरल्या भावाचं, काटोलच्या बाबारावांचं, नवसासायासानं झालेलं एकुलतं एक पोर. पहिल्यांदाच आत्याकडे धाडताना बाबारावांनी बजावलं होतं, "शोभे, पोराच्या केसाले धक्का लागला तं माहेरचा रस्ता विसरजो." आणि आज दुपारच्या गाडीनं ते त्याला न्यायला येणार होते.

देवरावांनी शालिकला दांडीवर घेतलं, किसनाला मागं कॅरियरवर बसवलं, स्वतःही दुपट्टा गुंडाळला आणि निघाले.

वाघानं काही इज्जत ठेवली नाही. सावलीत लोकांकडे पाठ करून जो पडला होता, तो शेपूटसुद्धा हलवीना. पोरं कंटाळून नळाकडे पळाली. नळावर ही गर्दी! आणि गर्दीत जो तो पांढऱ्या दुपट्ट्यात बांधलेला. देवरावांनी शालिकला पकडलं आणि शेजारच्या गाठोड्याचा खिसा चाचपला. कांदा हाताला लागला. आपलंच पोरगं! दोघांना सायकलवर टाकलं आणि घर गाठलं. वाटेत दोघांनीही चकार शब्द काढला नाही. किती गुणाची पोरं, असं देवरावांना वाटलं.

घरी शोभाताईंनी दुसरं गाठोडं सोडलं आणि त्यातून लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या बाहेर पडल्या.

"अगं बाई! ही कोण वं?"

देवरावांनी पुन्हा तिचा खिसा चाचपला. कांदा होताच. पोरगी मात्र मजेत इकडेतिकडे पाहत होती. तिचं नाव कौशल्या. चड्डी भावाची जुनी.

"काहून वं पोरी, तुले बोलता नाही आलं?" शोभाताईंनी विचारलं.

"आजीनं सांगतलं, तोंड उघडलं तं लू लागते."

"अवं, पण कोण्या परक्या माणसाच्या सायकलवर बसलीच कशी तू?"

"मले वाटलं, मामाच हायेत. मामाचंबी तोंड असंच बांधून राहते."

"आणि माह्या दादाले आता काय दाखवू? ह्या वेण्या?" शोभाताईंनी कपाळावर हात मारला. "जा हो, पळा! अन् शालिकले संगं न्या. तुमच्या डोळ्यावर माहा भरवसा नाही राह्यला!"

कौशल्याला दांडीवर अन् शालिकला मागं घेऊन देवराव सुटले ते थेट बागेच्या फाटकाशी. ऊन नव्हतं ते, भट्टी होती नुसती, पण त्यांना घाम फुटला होता तो मेव्हण्याच्या नावानं. फाटकाशी कौशल्याची आजी, प्रयागबाई, कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्याजवळ किसना बर्फाचा गोळा चोखत बसला होता. त्याचे लाल ओठ पाहून देवरावांना रडूच आलं.

"लेकरू आहे का भाजीची थैली, कोणतंबी उचलून न्याले?" म्हातारी कडाडली. पण माणूस मायेचं. तिनंच किसनाला पुन्हा घट्ट बांधलं, खिशातला कांदा तपासला आणि दम भरला, "घरी जाईस्तोवर बोलू नको बाप्पा!"

या खेपेला देवरावांनी किसनाला दांडीवर, डोळ्यांसमोर घेतलं. शालिक मागं बसला.

घरापुढं रिक्षा उभी होती. दारात बाबाराव उभे होते आणि त्यांच्यामागं शोभाताई डोळ्यांना पदर लावून. बिचारीनं भावाला सगळं सांगून टाकलं होतं, "आपला शालिक दांडीवर अन् किसना मागं" इथपर्यंत.

"वा, जावईबापू, वा! आपलं पोरगं दांडीवर, अन् माहं मागं! म्हणून हरवलं नं?"

"बाबाराव, ऐका तं, आता हा मागं बसलेला..."

"एक शब्द नाही!"

"अहो, पण किसना तं..."

"तुम्ही मले माहं पोरगं दाखवता? बाप आपल्या पोराले अंधारातबी ओळखते!"

असं म्हणून त्यांनी कॅरियरवरचं गाठोडं उचलून छातीशी धरलं. देवरावांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. मग काय मनात आलं कोण जाणे, हळूच मिटून घेतलं. रिक्षा हलली. "बोलू नको रे राजा, लू लागन," असा बाबारावांचा आवाज मात्र कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

शोभाताई हुंदके देत उरलेल्या गाठोड्याला घरात घेऊन गेल्या. दुपट्टा सोडला. आत लाल ओठांचा किसना.

"आत्या, बाबा शालिकले काहून घेऊन गेले?"

शोभाताई गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. "अहो! तुम्हाले माहीत होतं?"

"तीनदा तोंड उघडलं मी. बोलू कोणी देते का?"

"अन् आता? धावा नं! गाडी सुटन!"

देवरावांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, वाळ्याच्या ताटीजवळ बसले आणि पन्ह्याचा पेला ओढून घेतला.

"धावाचं काहून? आता तुहं माहेर कोणी तोडत नाही. तुह्या दादानं स्वतःच्या हातानं दुसऱ्याचं पोरगं पळवलं. उद्या तेच येतीन, खाली मान घालून."

"पण शालिक वाटंतच सांगन नं त्यायले!"

"छ्या!" देवराव अभिमानानं म्हणाले, "गुणाचं पोरगं आहे आपलं. काटोल येईस्तोवर तोंड उघडत नाही."