डावी बाजू वर

शिगेमात्सुंनी ठरवलं होतं ते एवढंच, की सासूबाईंचा अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाचा फोटो फोनवर काढायचा नाही. फोनवर काय, कुणीही काढतं! फोटो निघेल तो फिल्मवर, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या लेन्समधून. (लेन्स म्हणजे मोडक्या प्रोजेक्टरचं भिंग. चहाच्या डब्याचं झाकण कापून त्यांनी ते कॅमेऱ्याला बसवलं होतं. डबा चांगला होता, म्हणून बायको आठवडाभर बोलत नव्हती.)

सासूबाईंनी, म्हणजे तोकुबाईंनी, कानाझावात चाळीस वर्षं बायकांना किमोनो नेसायला शिकवलं होतं. हा फोटो त्यांच्या सव्वीस जुन्या विद्यार्थिनींना जायचा होता.

"घडी केसभर जरी चुकलेली दिसली ना, जावईबापू, तर घरात घेणार नाही," त्यांनी आधीच बजावलं.

भिंगाने कमाल केली. मागच्या भिंतीवर टांगलेल्या सुलेखनाच्या पटाची अक्षरं लोण्यासारखी वितळून गेली. शिगेमात्सु हरखले. मग तीन दिवस न्हाणीघर बंद करून, लाल दिवा लावून, टबाच्या झाकणावर फिल्मवरून मोठा फोटो छापणारा एन्लार्जर मांडून त्यांनी प्रती काढल्या. मायलेकी अंघोळीला गल्लीतल्या स्नानगृहात जात होत्या, आणि जाताना दार असं आपटत होत्या, की एकदा एन्लार्जरच हलला. चौथ्या दिवशी, कुणालाही न दाखवता, शिगेमात्सु सव्वीस पाकिटं पोस्टात टाकून आले.

दोन दिवसांनी फोन वाजला. तोकुबाईंनीच उचलला.

"बाई कधी गेल्या हो?" पलीकडून हुंदका आला.

"कुठे?"

"फार त्रास नाही ना झाला?"

"कुणाला? अगं, मी तोकु बोलतेय!"

पलीकडे किंकाळी, आणि फोन बंद. तेवढ्यात दारात, मयताला वाहतात तसल्या पांढऱ्या शेवंतीचे दोन गुच्छ येऊन पडले. बायकोने, नोबुएने, नवऱ्याने कपाटात जपून ठेवलेली सत्ताविसावी प्रत आणून आईसमोर धरली. तोकुबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला आणि मग दुप्पट होऊन परत आला.

"जावईबापू! किमोनोची कुठली बाजू वर दिसतेय?"

"अं... उजवी?"

"उजवी वर कुणाला नेसवतात?"

डावी वर जित्याला, उजवी वर मेलेल्याला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फिल्म एन्लार्जरमध्ये उलटी बसली होती, त्यामुळे डावं ते उजवं झालं होतं. पटावरची अक्षरं दिसली असती तर पहिल्याच प्रतीला कळलं असतं. पण ती तर वितळली होती.

"चाळीस वर्षं घसा फोडला, डावी वर, डावी वर! आणि तुम्ही माझं मढं करून घरोघर वाटलंत? मेले असं ज्यांना वाटलं त्या परवडल्या. बाकीच्या म्हणत असतील, बाई नेसायला विसरल्या!"

"पण फोटो म्हणून..." (इथे गप्प बसले असते, तर निदान जेवायला मिळालं असतं.)

"एक शब्द बोलू नका! नोबुए, तुझा फोन आण. तो असले चाळे करत नाही. आणि तुम्ही, चांगला किमोनो घालून माझ्या शेजारी उभे राहा. बघू दे त्यांना, घर शाबूत आहे ते."

तोकुबाईंनी फोन स्वतःच हातात धरला आणि पडद्यात पाहून घड्या तपासल्या. जन्मभर आरशात पाहत आल्या, तश्शाच दिसत होत्या. अगदी बिनचूक. त्यांनी बटण दाबलं.

"खाली काही लिहू का?" नोबुएने विचारलं.

"काय लिहायचं? मी जिवंत आहे म्हणून? डोळे नाहीत का त्यांना? पाठव!"

फोटो विद्यार्थिनींच्या ग्रुपवर गेला. मग शिगेमात्सुंनी तो जरा निरखून पाहिला. फोनने आरशातलं रूप जसंच्या तसं ठेवलं होतं. सासूबाईंची उजवी बाजू वर. स्वतः शिगेमात्सुंचीही उजवीच वर.

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं. नोबुएने ते मोठ्याने वाचलं.

"जावईही गेले, हे आत्ताच कळलं. बरं झालं. वर स्वर्गात बाईंच्या किमोनोंची बोचकी उचलायला कुणीतरी हवंच होतं."