बाइकेंची फाइल पहिली

"आज या फाइलचे तुकडे करणार म्हणजे करणारच!" सायकाल म्हणाली.

बिश्केकमधल्या त्या कचेरीची वेबसाइट लोकांना लग्नासाठी सभागृह आणि जेवण ठरवून देई. गिऱ्हाइकाने कुठलं पान मागितलं की त्याला कुठे धाडायचं, हे सगळे मार्ग एकाच लांबलचक फाइलमध्ये कोंबलेले. मालकीण गुलबार्चिन एजेंनी, म्हणजे ताईंनी, बजावलं, "कर काय करायचं ते. पण लग्नसराई आहे. गिऱ्हाईक अडलं, तर उद्यापासून तू फोन घ्यायला बसायचं. कोडला हात लावायचा नाही!"

सायकालने कंबर कसली. सभागृहांची फाइल वेगळी, जेवणाची वेगळी, पैसे भरण्याची वेगळी. प्रत्येक फाइल एकेकाच्या हवाली. उरलंसुरलं तुरातबेक बाइकेंकडे, म्हणजे कचेरीतल्या थोरल्या दादांकडे. जे पान कुठेच नाही ते मागणाऱ्याला 'असं पान नाही' सांगून परत पाठवायचं कामही त्यांचंच. मग मुख्य फाइलमध्ये या सगळ्यांना एकाखाली एक लावायचं होतं. त्यात विचार कसला करायचा? थोरल्यांच्या आधी धाकट्याने ताटाला हात लावू नये, हे ती लहानपणापासून शिकलेली. बाइके वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून बाइके पहिले!

थोड्याच वेळात फोन खणखणू लागले.

"अहो, सभागृह मागितलं तर 'असं पान नाही' म्हणतंय! पोरीचं लग्न काय रस्त्यात लावू?"

"मेंढ्या ठरल्या, पाहुणे ठरले, अन् तुमचं जेवणाचं पानच गायब?"

तिसरा फोन खुद्द एजेंच्या व्याह्यांचा. ते तर "आम्हालाही सभागृह नाही?" एवढं ओरडून फोन आपटून मोकळे झाले.

"सायकाल! फोनजवळची खुर्ची पुसून ठेव," एजे आतून कडाडल्या.

सायकाल रडायच्या बेतात होती. तरी ती जागची हलली नाही. एकेक फाइल उघडून पाहिली, सगळ्या ठणठणीत. तेवढ्यात चहा आला. बाइके नेहमीप्रमाणे दारापासून सर्वांत लांब, मानाच्या जागी बसले. सायकाल सगळ्यांत धाकटी, म्हणून दाराशी. कुणीतरी दार ठोठावलं, आणि अर्थातच तिलाच उठावं लागलं.

दाराच्या कडीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. अगं बाई! जो दाराशी, पाहुणा आधी त्याच्याच तावडीत; गिऱ्हाइकाची मागणीही सगळ्यांत वरच्या फाइललाच आधी गाठते. आणि तिने दाराशी बसवलं होतं बाइकेंना, जे आपल्याकडे नसलेलं पान मागणाऱ्या प्रत्येकाला 'नाही' म्हणून परत धाडतात!

"बाइके," ती चाचरत म्हणाली, "तुमची फाइल शेवटी न्यावी लागेल."

बाइकेंचा पेला हवेतच थांबला. "शेवटी? या वयात मला शेवटी बसवतेस?"

"बाइके, गिऱ्हाईक दारातून येतं. तुम्ही आत्ता कुठे बसलाय?"

"मानाच्या जागी. दारापासून लांब."

"फाइललाही तिथेच बसवते."

मुख्य फाइलमधली बाइकेंची ओळ तळाशी सरकली आणि फोन गप्प झाले. व्याह्यांचं सभागृहही ठरलं. एजे बाहेर आल्या, फोनजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेव ती बाजूला. जा, कामाला लाग."

बाइके मात्र डोळे वटारून बघतच होते.

"म्हणजे सकाळपासून मला दाराशी बसवलं होतंस? लाज नाही वाटली, कार्टे?"