सेम टू सेम, दोन

आमच्या शेजारच्या महानंदाअक्कांच्या गळ्यातल्या हाराचं चुकूनही कौतुक करू नका. केलंत, की त्या भर मांडवात हार उलटा करून दाखवतात. "खोटं हाय की! मागनं बघा." कौतुक करणारी बिचारी ओशाळते आणि अक्का बक्षीस मिळाल्यासारख्या खूश होतात.

खोटं म्हणजे साधंसुधं नव्हे. कुठल्यातरी नटीनं स्वतःच्या लग्नात घातलेला, बड्या डिझायनरचा लाखोंचा हार असतो. अक्कांना त्याची हुबेहूब नक्कल लागते. मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी ताणून त्या खडे मोजतात. एकदा तर मला घेऊन त्या एका भारी सराफी दालनात शिरल्या. तिथली कॉफी प्यायल्या, हार घातला, मला फोटो काढायला लावला, "लेकीला विचारून सांगते" म्हणाल्या, आणि तिथून थेट नवी पेठेतल्या इमिटेशनच्या दुकानात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं घेऊन कुणाचं भलं झालंय, सांगा की," हे त्यांचं पालुपद. यजमानांचं हार्डवेअरचं दुकान उत्तम चालतं, तेव्हा बाई चिकट आहे, असा माझा आपला समज.

पण चिकट माणूस एक घेतो. अक्का दोन घेतात. "सेम टू सेम, दोन दे." एकच असेल तर जीव गेला तरी घेणार नाहीत. "एकीच पीस है अक्का, ले लेव ना," दुकानदार गयावया करत असतो आणि अक्का पायऱ्या उतरलेल्या असतात. मी एकदा गमतीनं म्हटलं, "दुसरा मला द्या की." त्यांनी कपाटच लावून घेतलं.

"त्यो दुसरीचा हाय."

"कुणाचा?"

"हाय एक."

ती एक कोण, ते कळलं त्यांच्या भावाच्या लेकाच्या लग्नाला अक्कलकोटला जाताना. यजमान दुकान सोडून येईनात, म्हणून अक्कांनी मला सोबत घेतलं होतं. गळ्यात नवा हार, मांडीवर त्याच्याच जोडीच्या हाराची डबी. निम्मी वाट सरल्यावर त्या सांगू लागल्या.

त्यांच्या आईची एकच बोरमाळ होती. आजारपणात आईनं दोन्ही लेकींना, दुसरीला कळू न देता, "तुलाच देईन" म्हणून सांगितलेलं. आई गेली, माळ थोरलीकडे आली. धाकटी शैला वाटेल ते बोलली, अक्का त्याहून जास्त बोलल्या. तेव्हापासून अबोला.

"माळ लॉकरात पडलीय. मी बी घालत न्हाय, तिला बी देववत न्हाय. खरं एकच असतंय ओ, त्यानं भांडण लागतंय. खोटं दोन मिळतंय."

"मग आजवर एकही दिला नाहीत?"

"तिनं फेकून दिला तर?" अक्का डबी घट्ट धरून म्हणाल्या.

मांडवात शैलाताई समोरच बसल्या होत्या. अक्का तरातरा गेल्या, डबी बहिणीच्या ओटीत ठेवली, तशाच परत आल्या आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या. "बघा हो, घातला का? न्हाय, नका बघू." मला त्यांची फार दया आली.

जेवणाच्या पंगतीत आमच्या मागून कुणीतरी म्हणालं, "शैलाताई, हार लई भारी हाय!"

आणि खणखणीत उत्तर आलं, "खोटं हाय की! मागनं बघा. दुसरा तितं, आमच्या अक्काच्या गळ्यात हाय."

म्हणजे अबोला धरूनही ही धाकटी प्रत्येक लग्नात थोरलीकडे कान लावून बसत होती तर!

आमची अख्खी कॉलनी महानंदाअक्कांना अक्का म्हणते. पण त्या शब्दानं त्यांना रडू फुटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वाढपी हुग्गीच्या खिरीचं पातेलं घेऊन "वाढू का?" म्हणून विचारत उभा होता, आणि त्यांना हो म्हणता येईना की नाही म्हणता येईना.